पैसा कोणाचा घ्यायचा? स्टार्टअपचं पहिलं भांडवल आणि माणसांची पारख

एका संस्थापकाने मला त्याच्या कंपनीचा कॅप टेबल दाखवला होता. कॅप टेबल म्हणजे कोणाकडे किती शेअर आहेत, त्याचा तक्ता. अकरा ओळी होत्या. चौथ्या ओळीत एका सल्लागाराचं नाव आणि पुढे ७ टक्के. "हे काय करतात?" मी विचारलं. तो जरा थांबला. त्या गृहस्थांनी पहिल्या महिन्यात दोन ओळखी करून दिल्या होत्या, त्यानंतर दीड वर्ष फोनही उचलला नव्हता. नेमका तेव्हाच एक चांगला गुंतवणूक फंड कंपनीशी बोलत होता आणि त्यांचंही बोट त्याच ओळीवर येऊन अडलं होतं. ते ७ टक्के सोडवून घ्यायला वकील लागला, चार महिने गेले, आणि फंड तेवढा थांबला नाही.

तेव्हापासून पैसे उभारायला निघालेल्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट कळकळीने सांगतो. उसने पैसे फेडून मोकळं होता येतं, पण ज्याच्या हाती शेअर दिले तो माणूस वर्षानुवर्षं तुमच्यासोबत राहतो. म्हणून रक्कम आणि व्हॅल्युएशन (कंपनीची धरलेली किंमत) यांच्याआधी माणसं पारखायची, आणि ती कोणत्या क्रमाने पारखायची हेही ठरलेलं असावं. तो क्रम खाली देतो. कंपनी कायदा आणि करांचे नियम देशागणिक बदलतात. त्यामुळे कुठल्याही कागदावर सही करण्याआधी स्टार्टअपचे करार रोज हाताळणारा, तुमच्या देशातला वकील गाठा. जमिनीची कामं करणारा ओळखीचा वकील इथे चालत नाही.

पायरी १: आधी आपलंच घर तपासा

पहिली चौकशी सह-संस्थापकांची करायची. मैत्री जुनी असली तरी, किंबहुना म्हणूनच. प्रत्येकाने वेगळं बसून, एकमेकांना न दाखवता काही प्रश्नांची उत्तरं लिहावीत. पगाराशिवाय मी किती महिने काढू शकतो? माझ्यावर कर्ज किती आहे? घरच्यांना हे सगळं माहीत आहे का? उद्या कोणी कंपनी विकत मागितली तर किती रकमेला मी हो म्हणेन? आपल्यात टोकाचा मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा? मग कागद एकत्र ठेवून मोठ्याने वाचायचे. एकाची तयारी चार महिन्यांची आणि दुसऱ्याची तीन वर्षांची असेल, तर हे आज टेबलावर कळलेलं बरं.

त्यानंतर व्हेस्टिंग. म्हणजे शेअर नावावर असले तरी ते कामाच्या काळानुसार हळूहळू पक्के होतात. रूढ पद्धत चार वर्षांची आहे. पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच पक्कं होत नाही, वर्ष भरलं की एक चतुर्थांश, आणि पुढे दर महिन्याला अठ्ठेचाळिसावा भाग. दोघांत ५०-५० वाटणी आहे आणि एक जण सातव्या महिन्यात सोडून गेला असं धरा. व्हेस्टिंग नसेल तर तो अर्धी कंपनी घेऊन गेला. असेल तर काहीच नेत नाही. अठराव्या महिन्यात गेला तर ५० टक्क्यांतले १८.७५ टक्के त्याचे. काम करून मिळवलेले आहेत, ते त्याला मिळायलाच हवेत. हा नियम दोघांवर सारखाच लागू असतो, त्यामुळे तो सुचवणं म्हणजे मित्रावर अविश्वास दाखवणं ठरत नाही.

तिसरी गोष्ट, मालकी. कोड, डिझाइन, नाव, डोमेन हे सगळं लेखी कराराने कंपनीच्या नावावर आलं आहे का? फ्रीलान्सरला पैसे दिले म्हणून त्याने लिहिलेला कोड आपोआप आपला होतो, असं पुष्कळांना वाटतं. अनेक देशांत तसं होत नाही. लेखी हस्तांतर नसेल तर कॉपीराइट लिहिणाऱ्याकडेच राहतो. शिवाय नोकरीत असताना सुरुवात केली असेल तर जुन्या मालकाबरोबरचा करार काढून शब्दन् शब्द वाचा.

सुरुवातीला सोबत असलेल्या आणि मग बाजूला पडलेल्या माणसाचं काय करायचं, हेही आत्ताच मिटवायचं. स्नॅपचॅटच्या आरंभी कॉलेजमधला तिसरा मित्र सोबत होता. २०११ मध्ये तो बाहेर पडला, मग कोर्टात गेला, आणि २०१४ मध्ये झालेल्या तडजोडीचा आकडा पुढे कंपनीच्याच कागदपत्रांतून जगासमोर आला: १५ कोटी ७५ लाख डॉलर. एवढी रक्कम नसते तेव्हा असा वाद कंपनीच बुडवतो.

पायरी २: किती पैसे आणि कशासाठी

"मिळतील तेवढे" हे उत्तर देऊ नका. दर महिन्याचा निव्वळ खर्च काढा, नव्या नेमणुकांनी तो कसा वाढेल ते महिन्यागणिक मांडा आणि १८ ते २४ महिन्यांची बेरीज करा. पुढची फेरी (पुढच्या टप्प्याचं भांडवल) उभारायलाच पाच-सहा महिने जातात. म्हणजे १८ महिन्यांचे पैसे घेतले तर निवांत काम करायला जेमतेम वर्ष मिळतं. त्या वर्षात असं काय सिद्ध करायचं आहे की पुढचा गुंतवणूकदार तुमच्याकडे गंभीरपणे पाहील? ते एका वाक्यात लिहा. ते वाक्य जमत नसेल तर पिच डेकला, म्हणजे गुंतवणूकदारांना दाखवायच्या स्लाइडना, हात लावू नका.

पायरी ३: पैसा कुठून येणार

सगळ्यात चांगला पैसा ग्राहकाचा, कारण त्यात हिस्सा द्यावा लागत नाही आणि माल विकला जातो हेही सिद्ध होतं. एअरबीएनबीच्या संस्थापकांनी २००८ मध्ये हात आखडलेले असताना निवडणुकीच्या रंगातले नाश्त्याच्या सिरियलचे खोके विकून सुमारे ३० हजार डॉलर जमवले होते. मेलचिंपने तर बाहेरचं भांडवल घेतलंच नाही. २००१ मध्ये सुरू झालेली ती कंपनी २०२१ मध्ये सुमारे १२ अब्ज डॉलरला विकली गेली.

अनुदानात हिस्सा जात नाही, पण वेळ जातो आणि अहवाल लिहावे लागतात. नातेवाईक आणि मित्र यांच्याकडून घ्याल ते पूर्ण बुडाले तरी त्यांचं घर चालेल एवढेच घ्या, आणि ते कर्ज आहे की शेअर हे लिहून ठेवा. "बघू नंतर" यातून नाती तुटलेली मी जवळून पाहिली आहेत.

एंजल म्हणजे स्टार्टअपमध्ये स्वतःचे पैसे घालणारा माणूस, फंड घालतो दुसऱ्यांचे. हा फरक मोठा आहे. फंडाची मुदत साधारण दहा वर्षांची असते आणि त्यातल्या बहुतेक गुंतवणुका बुडतात किंवा जेमतेम परत येतात. त्यामुळे थोड्या कंपन्यांनी अनेक पटींनी परतावा दिला तरच त्यांचं गणित जुळतं. तुमचा धंदा शांतपणे नफा कमवत वाढणारा असेल, तर फंडाचा पैसा घेणं तुम्हा दोघांवर अन्याय आहे. ॲक्सिलरेटर, म्हणजे नव्या कंपन्यांना तुकडीने घेऊन काही महिने घडवणाऱ्या संस्था, यांच्याबद्दल एवढंच सांगतो: त्यांच्या मागच्या तुकड्यांतल्या संस्थापकांना विचारा की पैशाव्यतिरिक्त तिथे नेमकं काय मिळालं.

पायरी ४: गुंतवणूकदाराची चौकशी

इथे घाई करू नका. तो तुमची चौकशी करणारच आहे, तुम्हीही करायची. चांगला गुंतवणूकदार यामुळे दुखावत नाही. जो दुखावतो त्याच्याबद्दल तिथेच काहीतरी कळलं.

पहिल्या-दुसऱ्या भेटीत थेट विचारा. गेल्या बारा महिन्यांत तुम्ही किती कंपन्यांत पैसे घातले? सरासरी रक्कम किती? फंड असेल तर तो कोणत्या वर्षी सुरू झाला, पुढच्या फेरीसाठी राखीव ठेवता का, आणि अंतिम निर्णय कोण घेतं? एंजल असेल तर पैसे स्वतःचे आहेत, की तो अजून कोणाकडून गोळा करणार आहे? गेल्या वर्षभरात एकही गुंतवणूक न केलेला माणूस तुम्हाला आठ वेळा भेटायला बोलावू शकतो आणि नवव्या वेळी "आम्ही लक्ष ठेवून आहोत" म्हणू शकतो. तुमच्या स्पर्धकात त्याचे पैसे आहेत का, हे डेक पाठवण्याआधी बघा.

मग फोन. त्याने दिलेली नावं घ्याच, पण तेवढ्यावर थांबू नका, कारण ती निवडून दिलेली असतात. त्याने पैसे घातलेल्या कंपन्यांची यादी बहुधा उघड असते, त्यातून स्वतः तीन प्रकारचे संस्थापक शोधा: ज्याची कंपनी चालली तो, ज्याची बंद पडली तो, आणि ज्याला स्वतःच्याच कंपनीतून बाजूला व्हावं लागलं तो. दुसरा आणि तिसरा फोन सगळ्यात मोलाचा. चांगल्या दिवसांत सगळेच गुंतवणूकदार सज्जन असतात.

ईमेल नको, फोनच करा. माणूस लिहिताना सावध होतो. मत विचारू नका, प्रसंग विचारा. "तुम्ही त्यांना शेवटची वाईट बातमी कधी दिलीत? त्यानंतरचा त्यांचा पहिला फोन कसा होता?" "पगाराला पैसे नव्हते त्या महिन्यात ते काय म्हणाले?" "कंपनी बंद करताना त्यांनी सही करायला किती दिवस लावले?" असाच एक फोन मला अजून आठवतो. समोरच्या बाई दहा मिनिटं नीट बोलत होत्या. गुंतवणूकदार हुशार आहेत, ओळखी दांडग्या आहेत, वगैरे. शेवटी मी विचारलं, "पुढची कंपनी काढलीत तर पुन्हा त्यांच्याकडून पैसे घ्याल?" पलीकडे शांतता. मग दार लावल्याचा आवाज आला आणि त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे मी सांगितलं असं कुठे बोलू नका." पुढची वीस मिनिटं मी फक्त लिहून घेत होतो. दोन बोर्ड बैठकांच्या मध्ये ते गृहस्थ परस्पर कर्मचाऱ्यांना फोन करून संस्थापकांविषयी माहिती काढत असत. त्याआधीच्या दहा मिनिटांत यातलं अवाक्षर नव्हतं. तो शेवटचा प्रश्न कधीही विसरू नका, आणि विचारल्यावर गप्प बसा. समोरच्याला वेळ द्या.

असं सांगणाऱ्याचं नाव कुठेही फुटू देऊ नका. एकाच फोनवरून निकालही लावू नका, कारण कटुता दोन्ही बाजूंनी असू शकते. तीन जणांकडून तोच सूर आला तर तो खरा धरा.

यानंतर कागदी तपास: कंपनी नोंदणीच्या दफ्तरात तो कुठे कुठे संचालक आहे, कोर्टात कोणते दावे आहेत, बाजार नियामकाने कधी कारवाई केली आहे का, आणि पैसा मुळात कुठून आला. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. पण संशयास्पद पैसा एकदा कॅप टेबलवर आला की पुढची बँक, पुढचा फंड, मोठा ग्राहक, सगळे तिथेच अडतात.

लहान गोष्टीही टिपून ठेवा. वेळ पाळतो का? तुमच्या सह-संस्थापकांपैकी एकाकडेच बघून बोलतो का? टर्म शीट (गुंतवणुकीच्या मुख्य अटींचा कागद) देऊन "उद्या संध्याकाळपर्यंत सही" असा दम देतो का? ज्याला दहा वर्षं सोबत राहायचं आहे त्याने तुम्हाला वकिलाला दाखवायला आठवडा द्यायला हवा.

गुंतवणूक करण्यासाठी जो तुमच्याकडूनच आधी पैसे मागतो, तो गुंतवणूकदार नाही. नावं वेगवेगळी असतात: प्रक्रिया शुल्क, तपासणी खर्च, विमा, "आमच्याच माणसाकडून व्हॅल्युएशन अहवाल". खऱ्या व्यवहारात फंडाच्या वकिलाचा खर्च मर्यादा घालून कंपनीकडे लावण्याची पद्धत आहे, पण तो टर्म शीटमध्ये लिहिलेला असतो आणि साधारणपणे पैसे आल्यावर त्यातून जातो. आगाऊ मागणी आली की बोलणं तिथेच संपवा. तसंच पैसे देण्याघेण्याच्या दिवशी बँक खात्याचा क्रमांक बदलल्याचा मेल आला तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही.

पायरी ५: कागद आणि आकडे

सुरुवातीच्या टप्प्यात बहुधा दोन प्रकारचे साधे कागद असतात. कन्व्हर्टिबल नोट हे कर्जच असतं. त्याला व्याज आणि मुदत असते, आणि पुढच्या फेरीत त्याचे शेअर होतात. सेफ (SAFE) हा वाय कॉम्बिनेटर या अमेरिकन ॲक्सिलरेटरने २०१३ मध्ये आणलेला करार: पैसे आज घ्यायचे, शेअर पुढच्या फेरीत द्यायचे. त्यात व्याज नाही, मुदत नाही. २०१८ मध्ये त्यांनी तो पोस्ट-मनी (आलेले पैसे धरून काढलेली किंमत) पद्धतीचा केला, म्हणजे कॅपच्या (शेअर देताना धरायच्या कमाल किमतीच्या) हिशेबाने गुंतवणूकदाराचा टक्का आधीच काढता येतो.

कागद सोपा असल्यामुळेच संस्थापक इथे फसतात. ५० च्या पोस्ट-मनी कॅपवर (आकडे लाखांत धरा किंवा कोटींत) एकाकडून ५ घेतले: १० टक्के गेले. दोन महिन्यांनी दुसऱ्याकडून ५: आणखी १०. मग एका स्नेह्याकडून अडीच: आणखी ५. शेअर अजून कोणाच्याच हातात नाहीत, त्यामुळे काही गेल्यासारखं वाटत नाही. पण २५ टक्के गेलेले आहेत आणि ते सगळे तुमच्याच वाट्यातून. आता खरी फेरी आली, नव्या फंडाने २० टक्के घेतले आणि कर्मचाऱ्यांसाठी १० टक्क्यांचा नवा ऑप्शन पूल (राखीव शेअर) ठेवायला लावला. आधीच्यांच्या ७५ आणि २५ ला ०.७ ने गुणा. संस्थापकांकडे ५२.५ टक्के उरले. दोघं असाल तर प्रत्येकी २६.२५. प्रत्येक सेफवर सही करण्याआधी हा तक्ता स्वतःच्या हाताने मांडा.

पूल कोणाच्या वाट्यातून निघतो तेही बघा. ८० प्री-मनीवर (नवे पैसे येण्याआधीच्या किमतीवर) २० घेतले आणि १० टक्क्यांचा पूल प्री-मनीत धरला, तर तुमच्या कंपनीची खरी किंमत ७० लागली.

व्हॅल्युएशनवर आठवडा भांडणारे लोक लिक्विडेशन प्रेफरन्सचं, म्हणजे कंपनी विकली तर आधी कोणाला किती मिळणार याचं, कलम वाचत नाहीत. समजा गुंतवणूकदाराने २० घालून २० टक्के घेतले आणि कंपनी ५० ला विकली गेली. एकपट, नॉन-पार्टिसिपेटिंग (घातलेली रक्कम किंवा आपला टक्का, यांतलं एकच) असेल तर तो आपले २० घेतो, बाकी सगळ्यांना ३० उरतात. पार्टिसिपेटिंग असेल तर २० घेऊन उरलेल्या ३० तलेही २० टक्के, म्हणजे एकूण २६. दुप्पट प्रेफरन्स असेल तर ४० त्याचे आणि १० तुम्हा सगळ्यांचे. एकपट, नॉन-पार्टिसिपेटिंग हीच वाजवी अट आहे. यापलीकडे जो मागतो त्याला कारण विचारा.

अँटी-डायल्यूशनमध्ये (पुढे भाव पडला तर गुंतवणूकदाराला सांभाळणाऱ्या कलमात) फुल रॅचेट, म्हणजे त्याचा भाव थेट नव्या खालच्या भावावर आणणारी अट, स्वीकारू नका. पुढची फेरी खालच्या भावाने झाली तर त्याचा सगळा भार तुमच्यावर येतो. ब्रॉड-बेस्ड वेटेड ॲव्हरेज, म्हणजे सरासरी काढून थोडीच भरपाई, चालतं. बोर्डावर पहिल्याच फेरीत बहुमत सोडू नका. आणि कोणत्या निर्णयांना गुंतवणूकदाराची संमती लागेल, ती यादी ओळीन् ओळ वाचा. कंपनी विकायला संमती लागणं समजण्यासारखं आहे, पण एक माणूस नेमायलाही लागत असेल तर ते तुमची कंपनी चालवणार आहेत.

पायरी ६: सल्लागार आणि मध्यस्थ

सल्लागाराला द्यायचंच असेल तर पाव ते एक टक्का, तोही दोन वर्षांच्या व्हेस्टिंगवर आणि कामं लिहून. आधी तीन महिने विनामोबदला बोलत राहा. ज्याला खरंच मदत करायची असते तो तेवढं करतो. "पैसे मिळवून देतो" म्हणणाऱ्या मध्यस्थाला अनेक देशांत परवाना लागतो, तो पाहा. पहिल्या फेरीत संस्थापकाने स्वतः बोलणं हेच योग्य, कारण गुंतवणूकदार पैसे तुमच्याकडे बघून घालतो.

पायरी ७: तुम्ही पैसे घालणारे असाल तर

फ्रँक या स्टार्टअपची गोष्ट प्रत्येक एंजलने लक्षात ठेवावी. २०२१ मध्ये जेपीमॉर्गन बँकेने ही कंपनी १७ कोटी ५० लाख डॉलरला घेतली. ४० लाखांहून जास्त वापरकर्ते असल्याचं सांगितलं होतं, प्रत्यक्षात ते तीन लाखांच्या आतबाहेर होते. बाकीची नावं बनावट. नंतर त्या यादीतल्या लोकांना चाचणी म्हणून मेल पाठवले तेव्हा जेमतेम २८ टक्के पोहोचले, असं बँकेने दाव्यात म्हटलं. २०२५ मध्ये संस्थापिका दोषी ठरली. ही मेलची चाचणी विकत घेण्याआधी एका दुपारी होऊ शकली असती.

म्हणून आकडा स्लाइडवरून घेऊ नका, मुळापाशी जाऊन बघा. विक्री बँकेच्या उताऱ्यात दिसते. ग्राहकांच्या पूर्ण यादीतून नावं तुम्ही निवडा आणि त्यांच्याशी बोला. संस्थापकाबरोबर आधी काम केलेले, विशेषतः त्याच्या हाताखाली काम केलेले दोघं-तिघं शोधा. बोर्डावरची नावं पाहून दिपून जाऊ नका. थेरानोस या अमेरिकन रक्ततपासणी कंपनीच्या बोर्डावर दोन माजी परराष्ट्रमंत्री होते, तरी रक्ततपासणीचं यंत्र चालत नव्हतं आणि संस्थापिका एलिझाबेथ होम्स २०२२ मध्ये गुंतवणूकदारांची फसवणूक केल्याबद्दल दोषी ठरली. माझा स्वतःचा एक कस आहे. संस्थापकाला विचारतो, "या धंद्यात सध्या काय चालत नाहीये?" तो आकड्यांसह सांगू लागला की माझा अर्धा विश्वास बसतो.

पायरी ८: पैसे आल्यानंतर

खात्यात रक्कम जमा झाली की त्याच आठवड्यात सगळे सही झालेले करार एका जागी ठेवा, कॅप टेबल अद्ययावत करा आणि नव्या भागधारकांना त्याची प्रत पाठवा. मग दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला एक पानाचं पत्र लिहा: बँकेत किती आहेत, किती महिने पुरतील, काय चाललं, काय फसलं, आणि कोणती मदत हवी आहे. फसलेलं सगळ्यात वर लिहा. पहिल्याच पत्राला कोण काय उत्तर देतं ते जपून ठेवा. पुढच्या फेरीत आधी कोणाला फोन करायचा, त्याची यादी तिथूनच तयार होऊ लागते.